मधले काका

काही माणसांना साधा प्रश्न विचारायची सोय नसते. "चहा की कॉफी?" एवढंच विचारावं, तर आमचे मधले काका आधी विचारणाऱ्याकडे कौतुकाने बघतात, मग उजवा तळहात पुढे करतात, मग डावा, आणि दोन्ही हात हवेत तोलत म्हणतात, "आता असं बघ. चहाचं एक म्हणणं आहे, कॉफीचं एक म्हणणं आहे." तोवर काकीने चहाचा कप समोर आदळलेला असतो. काका तो आनंदाने पितात. कॉफी त्यांना नकोच असते. पण कॉफीवर अन्याय झाला असं कुणी म्हणायला नको.

थोरले काका, मधले काका आणि माझे बाबा असे हे तीन भाऊ. जन्म मुंबईचा, मांडवीतल्या इस्रायल मोहल्ल्यातला. शाळा माझगावची सर एली कदूरी. १९६०च्या दशकात आजोबा सगळं बिऱ्हाड घेऊन इस्रायलला आले, तेव्हापासून मुक्काम दिमोना. हे नेगेवच्या वाळवंटातलं गाव, १९५५ साली वसवलेलं. आमच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, लोकांची इथे चांगली वस्ती आहे. हिब्रूत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपवलं तरी दुकानदार पिशवी बरोबर भरतो. आजोबा मुंबईत गिरणीत होते, मधले काका दिमोनात कापडगिरणीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. साचा, धोटा, कांडी हे शब्द ते अजूनही मुंबईच्या गिरणगावातले वापरतात.

साठीपर्यंत काकांच्या या सवयीला नाव नव्हतं. आम्ही तिला घोळ म्हणत असू. निवृत्तीनंतर त्यांना शेजारच्या मोरोक्कन हाखामांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, संध्याकाळच्या वर्गाची वाट सापडली आणि घोळाला शास्त्राचा आधार मिळाला. मोरोक्कोच्या ज्यूंमध्ये 'झोहार' वाचायची मोठी परंपरा आहे. तेराव्या शतकात स्पेनमध्ये प्रकट झालेला हा ग्रंथ अरामी भाषेत आहे. अर्थ कळो न कळो, पारायण करायचं, ही त्यांची पद्धत. काकांना ती लगेच पटली. आपल्या आज्यांनी दुसरं काय केलं, असं त्यांचं म्हणणं. ज्यूंच्या या गूढविद्येला, कब्बालाला, चाळिशीच्या आत हात लावू नये असा जुना दंडक आहे. काकांनी वीसेक वर्षं वरची थांबून मग हात लावला.

पहिल्याच दिवशी ते एक छापील कागद घेऊन घरी आले. त्यावर दहा वर्तुळं होती आणि ती जोडणाऱ्या रेघा. हे जीवनवृक्षाचं चित्र. काकांनी ते फ्रिजवर लावलं, अलिबागच्या किल्ल्याचं मॅग्नेट खाली दाबून, त्यामुळे नववं वर्तुळ आजतागायत कुणाला दिसलेलं नाही. बाकीची नऊ आम्हाला पाठ आहेत, कारण पाणी प्यायला फ्रिज उघडणाऱ्या प्रत्येकाची तिथे शिकवणी झाली आहे.

ती शिकवणी अशी. ज्याला आदि-अंत नाही, ज्याच्याविषयी काही बोलताच येत नाही, त्या परमेश्वराचा प्रकाश जगात उतरतो तो दहा सेफिरोतमधून, म्हणजे चित्रातल्या त्या दहा वर्तुळांमधून. अगदी वर केतेर, म्हणजे मुकुट. अगदी खाली मालखूत, म्हणजे राज्य. मधल्या सगळ्यांची मांडणी तीन खांबांवर. उजव्या खांबावर खेसेद आहे. खेसेद म्हणजे माया. देत सुटणं एवढंच तिला ठाऊक, कुणाला किती झेपेल हे ती बघत नाही. तिच्या समोर डावीकडे गेवुरा. ती शिस्त, न्याय, हद्द आखणारी. नुसती खेसेद असती तर जगात कुणालाच स्वतःचा आकार उरला नसता. नुसती गेवुरा असती तर पहिल्या चुकीलाच सगळा खेळ आटोपला असता. म्हणून दोघींच्या मधे, जरा खाली, झाडाच्या बरोबर काळजापाशी तिफेरेत. सौंदर्य. वरून मोजली तर सहावी. शरीरात धड. आणि पूर्वजांत? अब्राहाम म्हणजे खेसेद, इसहाक म्हणजे गेवुरा, याकोब म्हणजे तिफेरेत.

"अरे, हे तर आपलं घर आहे!" काका पहिल्या रात्री फ्रिजसमोर उभं राहून ओरडले होते म्हणे.

खरं सांगायचं तर त्यांचं फार चुकलं नव्हतं. थोरल्या काकांच्या अंगावर नवा स्वेटर कधी दोन शब्बाथ टिकला नाही. कुणीतरी "छान आहे" म्हणायचा अवकाश. आमचे बाबा म्हणजे दुसरं टोक. विजेचं बिल आलं त्याच दिवशी भरणार, आणि पाच शेकेल उसने दिले तर वहीत तारीख टाकणार. लहानपणी मी दहा मिनिटं उशिरा घरी आले तर दार उघडायलाही ते दहा मिनिटं लावत. या दोघांमधे मधले काका जन्मानेच येऊन बसले होते. आता फक्त त्यांना कळलं की ही जागा तेराव्या शतकापासून राखीव आहे.

मग त्यांची मुख्य घोषणा ठरली: "थांबा, तिसरं काय?" दोन माणसं वाद घालताना दिसली की काका मधे जाऊन हे वाक्य टाकतात. बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, लग्नात वधूपक्ष आणि वरपक्ष एकमेकांकडे बघत नसताना. नव्याने ऐकणारा गोंधळतो, की हा कुठल्या तिसऱ्या माणसाविषयी बोलतोय. गोंधळला की वाद थांबतो. काका याला तिफेरेतची शक्ती म्हणतात.

गिरणीत आयुष्य गेल्यामुळे त्यांच्याकडे यासाठी एक दाखलाही आहे. सूत सैल सोडलं तर गुंतागुंत, जास्त ताणलं तर तुटतं, आणि बरोबर ताण कुठल्या पुस्तकात लिहिलेला नसतो, तो बोटाला कळतो. हे सांगताना ते अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हलकेच घासतात. त्या वेळी ते चहा-कॉफीवाले काका राहत नाहीत. चाळीस वर्षं हातातून सूत गेलेल्या माणसाची ती बोटं असतात, आणि आम्ही सगळे पटकन गप्प होतो.

मग ते बोट उचलून एसीचा रिमोट घेतात आणि सगळं बिघडतं. दिमोनाच्या उन्हाळ्यात थोरल्या काकांना सव्वीस हवं असतं, कारण कुणाला गारठा नको. बाबांना बावीस, कारण एसी लावायचाच तर नीट लावा. मधले काका चोवीस करतात. थोरले काका शाल घेतात, बाबा शर्टाचं वरचं बटण काढतात, आणि मधले काका दोघांकडे बघून समाधानाने मान डोलावतात. निवडणुकांचंही तेच. एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात इस्रायलमध्ये पाच वेळा निवडणुका झाल्या. बाकी देश वैतागला होता. काका एकटे खूश होते, कारण त्यांना प्रत्येक वेळी वेगळ्या पक्षाला मत देता आलं. "पाचांची बेरीज करून बघ," ते म्हणाले, "मी कुणालाच नाराज केलं नाही." कुणालाच निवडूनही दिलं नाही, हे बाबांनी सांगून पाहिलं.

काकीचा या सगळ्याकडे बघण्याचा दृष्टिकोन निराळा आहे. सुरुवातीला काकांनी तिला झाडात मानाची जागा द्यायची ठरवली. कब्बालात तिफेरेत आणि मालखूत ही जोडी आहे. वरचा तो, खालची ती, त्यांचं मीलन झालं की जगाचं भलं होतं. काका मोठ्या प्रेमाने म्हणाले, "तू मालखूत."

"म्हणजे काय?"

"राज्य. राणी म्हण."

"बरं. आणि राणीकडे काय काय असतं?"

इथे काका जरा अडखळले, कारण ते ग्रंथाशी प्रामाणिक आहेत. मालखूतकडे स्वतःचं असं काहीच नसतं, जे येतं ते वरून येतं, चंद्राला सूर्याकडून येतं तसं, असं कब्बाली सांगतात. काकांनी तसं सांगितलं. काकी हातातलं कालथं खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "हे घर माझ्या नावावर आहे."

त्यानंतर काका मालखूतविषयी तिच्यासमोर बोलत नाहीत.

याकोबाच्या बाबतीतही तिने असंच केलं. एका शब्बाथच्या जेवणावर काका रंगात आले होते. अब्राहाम पाहुण्यांसाठी तंबू चारी बाजूंनी उघडा ठेवणारा, इसहाक वेदीवर निमूट झोपणारा, आणि दोघांचं सार याकोबात उतरलं, म्हणून तो संतुलनाचा पुतळा. काकी भात वाढता वाढता म्हणाली, "दोन बायका, दोन दासी, बारा मुलगे. त्यातल्या एकालाच रंगीत अंगरखा शिवला आणि बाकीच्यांनी त्याला खड्ड्यात ढकलला. कसलं संतुलन?" थोरले काका ठसकले. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पानात वाढलेला भात पुरे न म्हणता घेतला. मधल्या काकांनी हात हवेत नेले, तोलले, परत मांडीवर ठेवले. पुढच्या आठवड्यात हाखामांना विचारून आले आणि म्हणाले, "याकोबाला ते जमायला आयुष्य लागलं. सुरुवातीपासून जमलं असतं तर त्यात कौतुक काय?" काकीने यावर "हं" केलं. तिचा "हं" म्हणजे मान्य नाही, पण उत्तर बरं होतं.

हाखामांशी काकांची दोस्ती जमली ती मात्र काकीच्या स्वयंपाकामुळे. आमच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. म्हणून कोकणातून आलेल्या आमच्या बायकांनी मटणाच्या रश्शात पिढ्यान्‌पिढ्या नारळाचं दूध घातलं. हाखामांना एकदा जेवायला बोलावलं, तर त्या पांढुरक्या हिरव्या रश्शाकडे बघून त्यांचा चमचा हवेतच थांबला. काकांचा चेहरा उजळला. मांस डावीकडचं, दूध उजवीकडचं, आणि नारळ? ना मांस ना दूध. दिसायला दूध, हिशोबाला फळ. "हे तिफेरेत आहे, हाखाम. आम्ही अलिबागहून आणलंय." हाखामांनी दोनदा वाढून घेतलं. त्यांच्या वर्गात पुढे तीन आठवडे कोथिंबीर-नारळाचं उदाहरण चाललं, असं काका सांगतात. हाखाम नाकारत नाहीत.

खरी धांदल असते ती ओमेरच्या दिवसांत. पेसाहच्या सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओतच्या सणापर्यंत एकोणपन्नास रात्री मोजायच्या असतात. चांदण्या दिसल्या की आशीर्वाद म्हणून, मोठ्याने, आज कितवा दिवस ते बोलायचं. एखादा दिवस पूर्ण सुटला तर पुढे मोजता येतं, पण आशीर्वाद म्हणता येत नाही. कब्बालींनी या सात आठवड्यांना खालच्या सात सेफिरोत वाटून दिल्या. पहिला आठवडा खेसेदचा, दुसरा गेवुराचा, तिसरा तिफेरेतचा. शिवाय आठवड्याच्या आत पुन्हा सात दिवसांना सात. म्हणजे सतरावा दिवस हा तिफेरेतमधल्या तिफेरेतचा. काकांचा हा खासगी सण. त्याला अजून कॅलेंडरात जागा नाही, हे त्यांना खटकतं.

आता या मोजणीत एक गंमत आहे. तुम्ही अजून मोजलेलं नसताना कुणी विचारलं, "आज कितवा?" तर आकडा सांगायचा नसतो. सांगितला की तीच मोजणी धरली जाते आणि आशीर्वाद हुकतो. म्हणून "काल अमुक होता" असं सांगायचं. त्यामुळे आमच्या घरी वसंतात रोज रात्री असे फोन होतात:

"आज कितवा?"

"काल पंधरावा होता."

"म्हणजे तू अजून मोजलं नाहीस!"

"आणि तू विचारतोयस म्हणजे तूही मोजलं नाहीस," इति बाबा.

"मी चांदण्या निघाल्याबरोबर मोजलं. तुझी आठवण करून देत होतो."

"मग आठवण कर. परीक्षा कशाला घेतोस?"

मग फोन थोरल्या काकांना. थोरले काका दरवर्षी पहिल्या आठवड्यातच एखादा दिवस विसरतात. मधले काका त्यांना कधी रागावत नाहीत. "तू माझ्या आशीर्वादाला आमेन म्हण," एवढंच सांगतात, आणि फोनवरच म्हणून दाखवतात.

अशाच एका सतराव्या दिवशी, घरात आज कुणी वाद घालायचा नाही असं सकाळी जाहीर झालेलं असताना, पाटा-वरवंट्याचं प्रकरण उद्भवलं. आजीने मुंबईहून बोटीने आणलेला तो काळा पाटा. आजी गेल्यावर तो थोरल्या काकीकडे राहिला. मधल्या काकीचं म्हणणं, आजीने शब्द मला दिला होता. काकांनी दोन्ही बाजू ऐकल्या, हात तोलले, झाडापुढे उभे राहिले, आणि निकाल दिला: पाटा थोरल्या घरी, वरवंटा मधल्या घरी.

हा निकाल ऐकून दोन्ही जावा कित्येक वर्षांत पहिल्यांदा एका बाजूला आल्या. "शलोमोने निदान बाळ खरंच कापलं नव्हतं," थोरली काकी म्हणाली. काकांचा हिशोब असा होता की आता वाटण करायचं तर दोघींना एकत्र यावंच लागेल. दोघींनी आठवड्याभरात एकेक मिक्सर आणला. वरवंटा आमच्या मधल्या काकांकडे दार बंद होऊ नये म्हणून लावलेला असतो.

यावर हाखामांनी काकांना जे सांगितलं ते मला फार आवडतं. तिफेरेत म्हणजे दोन भाग करून वाटणं नव्हे. तिथे खेसेद आणि गेवुरा अर्ध्या-अर्ध्या उरत नाहीत, दोन्ही पुऱ्या शिरतात आणि त्यातून तिसरंच काही होतं. आणि दुसरं म्हणजे, हा मधला खांब दिसतो सरळ, पण तिफेरेतचा कल नेहमी खेसेदकडे असतो. जुन्या कब्बालींनी हे लिहून ठेवलंय. काकांना पहिला भाग पटला. दुसऱ्या भागाने ते अस्वस्थ झाले. आपल्या तराजूत खोट आहे असं ऐकल्यावर कुठल्या वाण्याला बरं वाटेल?

तिफेरेतला कब्बालात आणखी एक नाव आहे, राहामीम, म्हणजे करुणा. ते कळलं त्या रात्री काकांनी आम्हाला साडेअकराला फोन केला. "मशीद बंदर!" एवढंच ओरडले. अर्थ लागायला वेळ गेला. मुंबईचं आमचं सगळ्यांत जुनं प्रार्थनामंदिर म्हणजे शाआर हाराहामीम, करुणेचं दार. सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी ते १७९६ साली बांधलं. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटले म्हणून, असं सांगतात. आमचे लोक प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत, आणि जवळच्या रेल्वे स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं असं मानलं जातं. काकांचं बालपण त्या दारापासून हाकेच्या अंतरावर गेलेलं. "साठ वर्षं शोधतोय, आणि मुंबईत रोज त्याच्यासमोरून शाळेत जात होतो!" बाबा म्हणाले, "साडेअकरा वाजलेत." दोघांचंही बरोबर होतं.

त्स्फातला तिघं भाऊ एकदाच एकत्र गेले, मी बरोबर होते. दिमोना देशाच्या दक्षिणेला, त्स्फात पार उत्तरेला, गालीलच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच. बसमध्ये थोरल्या काकांनी आमचे सगळे डबे अनोळखी सैनिकांना वाटून टाकले. वर पोचलो तर गारवा, दगडी बोळ, निळे दरवाजे. स्पेनमधून हाकललेले ज्यू इथे आले आणि सोळाव्या शतकात या एवढ्याशा गावात कब्बालाची सगळी मोठी माणसं गोळा झाली. मोशे कोर्दोवेरो १५७० साली वारले. त्याच वर्षी इसहाक लुरिया, ज्यांना सगळे 'आरी', म्हणजे सिंह, म्हणतात, ते इथे आले आणि १५७२ साली वयाच्या अडतिसाव्या वर्षी साथीत गेलेसुद्धा. दोनच वर्षं शिकवलं. त्यांनी स्वतः फारसं लिहिलं नाही, शिष्यांनी लिहून ठेवलं, आणि त्यावर साडेचार शतकं चाललीत.

कोर्दोवेरोंच्या थडग्यापाशी काका बराच वेळ उभे होते. 'तोमेर देवोरा' या छोट्या पुस्तकात त्यांनी प्रत्येक सेफिरा माणसाने वागण्यात कशी आणावी ते सांगितलंय. तिफेरेतच्या प्रकरणात मुख्य ताकीद आहे ती, शिकलेल्याने आपल्या शिकण्याचा तोरा कमी शिकलेल्यांसमोर मिरवू नये, ही. काकांनी हे आम्हाला सविस्तर समजावलं. शेजारी उभ्या दोन पर्यटकांनाही समजावलं. बाबा माझ्या कानात म्हणाले, "हे प्रकरण त्याने पुन्हा वाचायला हवं."

मग बाजार. त्स्फातच्या बोळात झाडाची चित्रं, झाडाची लॉकेटं, झाडाचे चहाचे मग सगळं मिळतं. काकांनी काकीसाठी एक चांदीचं लॉकेट हेरलं, दहा खड्यांचं, मधला खडा हिरवट. दुकानदाराने शंभर शेकेल सांगितले. काकांनी मुंबईच्या भेंडीबाजारातली सगळी कला पणाला लावली आणि साठावर आणलं. लॉकेट बांधून झालं, पैसे दिले, बाहेर आलो. दहा पावलांवर काका थांबले. उजवा हात, डावा हात. "गेवुरा जरा जास्त झाली." परत आत गेले आणि दुकानदाराच्या हातात आणखी तीस ठेवून आले. साठ आणि शंभरचा मध्य नव्वद कसा, हे बाबांनी परतीच्या बसमध्ये बेर्शेवापर्यंत विचारलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

पैशांवरून आठवलं. तिघा भावांची एक सामायिक पेटी आहे. दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची. मुंबईला जायचं झालं, तिथल्या पूर्वजांच्या कबरींची डागडुजी करायची झाली, की त्यातून खर्च. वही अर्थातच बाबांकडे. एकदा थोरल्या काकांनी पेटीतले बरेच पैसे परस्पर काढून एका शेजाऱ्याला दिले. नोकरी गेलेला माणूस, घरी लहान मुलं. बाबांचं म्हणणं, मदत करायची तर स्वतःच्या पैशाने कर, पेटी तिघांची आहे, महिन्याभरात रक्कम परत आली पाहिजे. थोरले म्हणाले, मी दिलेलं परत मागणार नाही. दोघं बोलेनासे झाले. रोशहाशानाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, दोन वेगळ्या घरी सफरचंद आणि मध खाल्लं गेलं. मधल्या काकांनी दोन्हीकडे थोडं थोडं खाल्लं.

काही दिवसांनी पेटीतली रक्कम भरली गेली. शेजाऱ्याने आणून दिली, असं बाबांना सांगण्यात आलं. थोरल्या काकांना सांगण्यात आलं की धाकट्याने विषय सोडून दिला. दोघंही मनातून ओशाळले आणि सुकोतच्या सणाच्या मांडवात शेजारी शेजारी बसले. मधले काका त्या दिवशी एवढे खुलले होते की मांडवाची एक बाजू त्यांच्या टेकण्याने कलली.

काकीला पत्ता लागला बँकेच्या कागदावरून. काकांच्या पेन्शनमधून तेवढीच रक्कम, तीन हप्त्यांत. तिने कागद त्यांच्यासमोर ठेवला. मी तिथेच होते. ती म्हणाली, "तिफेरेत म्हणजे सत्य, असं तूच सांगत होतास ना?" तेही खरंच आहे, कब्बालात सत्याची जागा तीच. काका म्हणाले, "सत्यच सांगितलं. पैसे परत आले. कुणाचे, ते कुणी विचारलं नाही." काकीने कागदाची घडी घातली, फ्रिजवरचं अलिबागचं मॅग्नेट उचललं, कागद झाडामागे सरकवला आणि मॅग्नेट परत लावलं. पुढे तीन महिने ती मासळी आणायला स्वतः गेली आणि स्वस्तातली आणली. तक्रार केली ती माशांच्या काट्यांची.

ही मधली माणसं वैताग आणतात, यात शंका नाही. त्यांच्याबरोबर हॉटेलात जाऊ नये, पदार्थ ठरेपर्यंत वेटर बदलतो. त्यांना मुलगा दाखवू नये, नोकरीचा सल्ला विचारू नये. माझ्या लग्नाच्या वेळी "होय" आणि "नाही" या दोन्हींच्या बाजूने त्यांनी इतकं सुंदर सांगितलं की मी एक दिवस दोन्ही ठरवून बसले होते. पण त्यांची मध्यममार्गाची सगळी भाषणं एकीकडे आणि त्यांची पासबुकं एकीकडे ठेवून बघा. भाषणात मध्य असतो. पासबुकात कल दिसतो. हाखाम म्हणाले ते काकांना अजून मान्य नाही, आम्हाला मात्र कागदोपत्री माहीत आहे.

गेल्या वर्षी माझ्या नव्या घराचा मलिदा होता. काही शुभ झालं की आम्ही एलियाहू हानबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने मलिदा करतो. भिजवलेले पोहे, खवलेला ओला नारळ, साखर, वेलची, वर फळं. तिघं भाऊ परातीभोवती बसले. थोरले म्हणाले, साखर अजून घाला, लेकीचं घर आहे. बाबा म्हणाले, बास, अर्ध्या लोकांना मधुमेह आहे. मधल्या काकांनी चिमूटभर चाखलं, डोळे मिटले, पुन्हा चाखलं. बोटं एकमेकांवर घासली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी मधोमध." आणि डब्यात हात घालून आणखी एक मूठ साखर परातीत टाकली. बाबांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत.

तुमच्याही घरात असा एखादा मधला काका असणार, झाड माहीत नसलेला. त्याच्या हाती एसीचा रिमोट देऊ नका आणि वाटणीची कामं तर अजिबात देऊ नका. साखरेचा डबा द्यायला हरकत नाही. आणि अधूनमधून त्याचं पासबुक मात्र कुणीतरी बघून ठेवा.